रंग सुटला? टच-अपआधी पुरावा जपा

ऐरोलीच्या घरी अजूनही विमानांच्या हँगरमधल्या पोरांचे फोन येतात, "काका, पंखाजवळ रंग सुटलाय, टच-अप मारू का?" नको रे बाबा! हात लावलास की वॉरंटीच्या दाव्याचा पुरावा गेला.

आधी शेजारी पट्टी धरून फोटो काढ. फ्रेम क्रमांक (विमानाच्या सांगाड्यावरची नेमकी जागा), तारीख, उड्डाणाचे तास लिही. मग रंगाची जाडी मोज. इथेच पोरं चुकतात: अ‍ॅल्युमिनियमवर चालणारा एडी करंट गेज (विद्युतप्रवाहाने जाडी मोजणारं यंत्र) कार्बन फायबरवर भरवशाचा नाही, तिथे ध्वनिलहरींनी मोजणारा अल्ट्रासोनिकच लागतो. धुलाईची रसायनं, आधीचं रंगकाम, सगळ्याच्या नोंदी जोड. नाहीतर विमान बनवणारी कंपनी "तुमची देखभाल चुकली" म्हणून मोकळी होते. वॉरंटीच्या मुदतीत लेखी कळव.

रंग म्हणजे नुसती शोभा, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. एअरबस ए-३५०च्या रंगाखाली विजेपासून वाचवणारी तांब्याची जाळी असते. तिथल्या खराबीवरूनच कतार एअरवेज एअरबसविरुद्ध लंडनच्या कोर्टात गेली. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेला उड्डाणाचा धोका दिसला नाही. २०२३ मध्ये तडजोड झाली, दोष कुणीच कबूल केला नाही.

आणि हो, रडर (शेपटीवरचं वळणारं सुकाणू) पुन्हा रंगवलास तर मॅन्युअलप्रमाणे त्याचा तोल तपासल्याशिवाय विमान सोडू नकोस.