एआयला उत्तर नको, कच्चं काम दाखवा

एआय तुमच्या कलाने शिकवतं खरं, पण तुमचा कल त्याला कळतो तो तुम्ही पाठवलेल्या मजकुरातूनच. म्हणून गणित वहीत सोडवायचं आणि खाडाखोडीसकट फोटो पाठवायचा.

समजा, एमपीएससीच्या सीसॅटसाठी, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या कल चाचणीच्या पेपरसाठी, वेग-अंतर करायचंय. थेट उत्तर न देता पायरीपायरीने शिकवायला चॅटजीपीटीत स्टडी मोड आहे, जेमिनीत गाइडेड लर्निंग. ते सुरू केलं तरी पहिल्याच संदेशात बजावा: “एका वेळी एकच प्रश्न. उत्तर सांगू नकोस. माझं उत्तर दोनदा चुकलं तरच एक इशारा दे. सलग ३ बरोबर आले की अवघड विचार, २ चुकले की सोपं.” सुरुवातीला १० मिश्र प्रश्न सोडवा. नाहीतर एआय ‘वेग म्हणजे काय’पासून सुरू करतं आणि येतंय तेच उगाळण्यात दोन दिवस जातात.

जाताना ताशी ४० किमी, त्याच रस्त्याने येताना ६०. सरासरी वेग किती? वहीत (४०+६०)÷२ दिसलं, की ते नेमकं विचारू शकतं: कुठल्या वेगाने जास्त वेळ गेला? अंतर १२० किमी धरा. ३ तास जायला, २ तास यायला. २४० भागिले ५, म्हणजे ४८. नुसतं ‘५०’ पाठवलं असतं, तर बहुधा सूत्र हातात पडलं असतं आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक.

तुर्कस्तानात शाळकरी मुलांवर झालेल्या प्रयोगात हेच दिसलं. साधा चॅटबॉट वापरणाऱ्यांची सरावातली गणितं ४८ टक्क्यांनी सुधारली, पण तो काढून घेतल्यावर परीक्षेत ती मुलं इतरांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. फक्त इशारे देणाऱ्या बॉटमुळे हे नुकसान बरंचसं टळलं.

आयतं उत्तर देण्याखेरीज एआयची दुसरी खोड गोडबोलेपणाची. ४८ आल्यावर मुद्दाम म्हणा, “५० नाही का?” लगेच माफी मागून ५० कबूल केलं, तर त्याच्या शाबासकीवर विसंबू नका. मराठी संज्ञाही ते कधीकधी स्वतःच पाडतं. बालभारतीच्या पुस्तकाशी ताडून घ्या.

नव्या चॅटला मागचं आठवेलच असं नाही. उठताना त्याच्याकडून ५ ओळींची नोंद घ्या: काय जमलं, कुठली पायरी चुकली. पुढच्या वेळी तीच आधी चिकटवा. चुकलेला प्रकार १, ३ आणि ७ दिवसांनी आकडे बदलून पुन्हा मागा.

आठवड्यातून एकदा मोबाइल बाजूला ठेवून जुनी प्रश्नपत्रिका. ८० प्रश्न, १२० मिनिटं. तपासायला मात्र आयोगाची उत्तरतालिकाच, तीही पहिली नव्हे, अंतिम.