मराठी बातम्यांसाठी स्वतःचा फीड रीडर: कोणता निवडावा आणि घरी कसा बसवावा

लातूरच्या मोंढ्यातला सोयाबीनचा दर, जायकवाडीचा पाणीसाठा, खंडपीठाचे निकाल, आयोगाची परिपत्रकं, शिवाय चार-दोन आवडीचे ब्लॉग. हे सगळं रोज पंधरा संकेतस्थळं उघडून बघत बसण्यापेक्षा एका पानावर, आलेल्या क्रमाने, जाहिरातींशिवाय वाचता येतं. त्यासाठी फीड रीडर हवा. फीड म्हणजे संकेतस्थळाने नव्या मजकुराची यंत्राला वाचता येईल अशी ठेवलेली यादी, आणि अनेक फीड एकत्र दाखवतो तो रीडर. गूगल रीडर 1 जुलै 2013 ला बंद झाला, तेव्हा लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या आणि खुणा रातोरात पोरक्या झाल्या. आपल्या मशीनवर मुक्त स्रोताचा रीडर बसवला की असं कुणी परस्पर दुकान बंद करू शकत नाही.

आधी निवड

पर्याय बरेच आहेत, पण मराठी वाचकासाठी खरी लढत फ्रेशआरएसएस आणि मिनीफ्लक्स या दोघांतच होते. बाकीच्यांबद्दल थोडक्यात: टायनी टायनी आरएसएस 2005 पासूनचा जुना आणि ताकदवान रीडर आहे, पण मूळ लेखकाने 2025 च्या शेवटी त्यातून अंग काढून घेतलं. पुढचं काम इतर मंडळी करत आहेत, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिकडे वळू नये. कॉमाफीड जावावर चालतो आणि दिसायला गूगल रीडरच्या जवळचा आहे. यार ही एकच छोटी फाईल असते, ती चालवली की झालं. एकट्याने पन्नासेक फीड वाचायचे असतील तर तोही पुरतो.

मिनीफ्लक्स गो भाषेत लिहिलेला आहे. वेगवान, नीटनेटका, कीबोर्डवरून भराभर वाचता येईल असा. त्याला पोस्टग्रेस डेटाबेसच लागतो, दुसरा चालत नाही. बातमीचा पूर्ण मजकूर मूळ पानावरून ओढून आणण्याची सोय त्यात एका खुणेवर मिळते. फ्रेशआरएसएस पीएचपीवर चालतो, एसक्यूलाईट, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस यांपैकी काहीही घेतो, आणि ज्या पानाला फीडच नाही त्यावरूनही बातम्या उचलू शकतो.

मराठीसाठी निर्णायक मुद्दा मात्र शोध हा आहे, आणि तो तुलनेच्या लेखांत क्वचितच येतो. मिनीफ्लक्स पोस्टग्रेसचा पूर्ण-मजकूर शोध वापरतो, म्हणजे तो अख्खे शब्द जुळवतो. इंग्रजी शब्दाचं मूळ रूप काढण्याचे नियम पोस्टग्रेसमध्ये आहेत, मराठीचे नाहीत. त्यामुळे ‘जायकवाडी’ शोधलं तर ‘जायकवाडीच्या’, ‘जायकवाडीतून’ अशा बातम्या हाती लागत नाहीत, आणि आपल्या बातम्यांत नावाला प्रत्यय लागलेलाच असतो. फ्रेशआरएसएस अक्षरांचा तुकडा मजकुरात कुठेही असला तरी पकडतो. आमची शिफारस याच कारणाने फ्रेशआरएसएसची आहे, डेटाबेस एसक्यूलाईट.

मशीन आणि वीज

नवीन काही विकत घेऊ नका. घरातला जुना लॅपटॉप यासाठी सगळ्यात उत्तम, कारण त्याची बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस. भारनियमनात तासभर वीज गेली तरी डेटाबेस अर्धवट लिहिला जाऊन बिघडत नाही. 2 जीबी रॅम भरपूर झाली, 1 जीबीवरही चालतं. रिकामा चालू असताना असा लॅपटॉप साधारण 12 वॅट खातो. दिवसाचे 24 तास धरले तर महिन्याला 9 युनिटच्या आत. रास्पबेरी पाय 4 साधारण 3 वॅटवर, म्हणजे महिन्याला 2 युनिटच्या आसपास भागवतो, पण त्याला बॅटरी नाही. एसडी कार्डावर डेटाबेस ठेवून वारंवार वीज गेली तर कार्ड खराब होणं ठरलेलं आहे. पायच वापरायचा असेल तर यूएसबीची एसएसडी लावा आणि तो इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या.

राउटरलाही बॅकअप हवा. बहुतेक घरगुती राउटर 12 व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या.

लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाका, डेस्कटॉपची खूण काढून फक्त एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या संगणकावरून आदेश देण्याची सोय) ठेवा. मग दोन गोष्टी लगेच करा. एक, लॉगिनडी (झाकण, बटणं सांभाळणारा डेबियनचा भाग) याच्या सेटिंग फाईलमध्ये झाकण बंद केल्यावर ‘इग्नोर’ असं लिहा, नाहीतर झाकण मिटलं की सर्व्हर झोपतो. दोन, राउटरमध्ये या मशीनचा पत्ता कायमचा राखून ठेवा. पत्ता बदलला की मोबाईलमधलं ॲप अचानक चालेनासं होतं आणि माणूस दोष रीडरमध्ये शोधत बसतो.

बसवणं

डॉकर हे प्रोग्रॅम आपापल्या बंद डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणारं सॉफ्टवेअर आहे. त्याच्या अधिकृत भांडारातून डॉकर इंजिन आणि कंपोज प्लगइन बसवा. मग एक फोल्डर करून त्यात कंपोज फाईल, म्हणजे डब्याच्या सेटिंगची यादी, लिहा. फाईलचा नमुना फ्रेशआरएसएसच्या कोडबरोबरच मिळतो, तो घ्या आणि पुढच्या पाच जागा डोळ्यांत तेल घालून तपासा.

पोर्ट (सेवेपर्यंत पोहोचायचा दाराचा क्रमांक): डब्याच्या आतला 80, बाहेरचा 8080. बाहेरचा आधीच कुणी वापरत असेल तर 8081 घ्या, आतला बदलू नका.

साठवण: डब्यातलं ‘डेटा’ फोल्डर आणि ‘एक्स्टेन्शन्स’ फोल्डर बाहेर जोडलेलंच हवं. हे विसरलं तरी सगळं व्यवस्थित चालताना दिसतं. पहिल्या अपडेटला डबा नवा बनतो, आणि फीड, खुणा, वापरकर्ते सगळे जातात.

वेळ: टीझेड या चलात (फाईलमधल्या नावाच्या सेटिंगमध्ये) ‘एशिया/कोलकाता’ द्या. नाही दिलं तर सकाळी साडेनऊची बातमी पहाटे चारची दिसते.

ताजेपणा: क्रॉन, अंडरस्कोर, मिन असं मोठ्या अक्षरांतलं एक चल आहे. त्यात अवतरणचिन्हांत ‘13,43’ लिहा, म्हणजे दर तासाला तेराव्या आणि त्रेचाळिसाव्या मिनिटाला फीड तपासले जातील. हे चल रिकामं राहिलं तर फीड आपोआप ताजे होतच नाहीत. ‘काल बसवला, आज एकही नवी बातमी नाही’ या तक्रारीमागे दहातल्या नऊ वेळा हेच असतं. मिनिटं शून्य आणि तीस अशी घेऊ नका. जगभरचे सर्व्हर त्याच क्षणी धडका मारतात.

पुन्हा सुरू होणं: ‘अनलेस-स्टॉप्ड’ ठेवा, म्हणजे वीज आल्यावर मशीनबरोबर रीडरही उभा राहतो.

या फाईलमध्ये टॅब चालत नाही. प्रत्येक पातळीला दोन मोकळ्या जागाच द्यायच्या. चूक असेल तर सुरू करताना ओळीचा क्रमांक येतो. दोष बऱ्याचदा त्याच्या वरच्या ओळीत असतो.

डबा सुरू करून ब्राउझरमध्ये मशीनचा पत्ता आणि 8080 टाका. पहिल्यांदा मांडणीची पानं येतील. डेटाबेस एसक्यूलाईट, लॉगिनची पद्धत वेब फॉर्म, आणि पासवर्ड दुसरीकडे कुठेही न वापरलेला.

फीड शोधणं

वर्डप्रेसवरच्या संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहिलं की बहुधा काम होतं. यूट्यूबच्या प्रत्येक वाहिनीला फीड आहे. विकिपीडियाच्या अलीकडील बदलांना आहे, पत्र सूचना कार्यालयाच्या प्रसिद्धिपत्रकांनाही आहे. मोठी वृत्तपत्रं विभागवार फीड देतात, त्यातला फक्त मराठवाड्याचा किंवा तुमच्या जिल्ह्याचा घ्या. मुख्य पानाचा फीड घेतला तर दिवसाला शेकडो मथळे आदळतात आणि आठवड्याभरात माणूस रीडर उघडणंच सोडतो. सुरुवातीला वीस फीड पुरे.

जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळांवर सूचनांचा तक्ता असतो, पण अनेकदा फीड नसतो. इथे फ्रेशआरएसएसची ‘एचटीएमएल अधिक एक्सपाथ’ ही फीडची जात उपयोगी पडते. एक्सपाथ म्हणजे पानातला नेमका भाग कुठे आहे ते सांगणारा पत्ता. पान ब्राउझरमध्ये उघडा, सूचनेच्या ओळीवर उजवी कळ दाबून ‘इन्स्पेक्ट’ करा. रीडरला तीन गोष्टी सांगायच्या असतात: एक सूचना म्हणजे तक्त्याची कोणती ओळ, त्या ओळीत शीर्षक कुठे, आणि दुवा कुठे. तक्त्याची पहिली ओळ म्हणजे रकान्यांची नावं, ती वगळा, नाहीतर ‘शीर्षक’ नावाची एक बातमी कायम वर बसते. पान जावास्क्रिप्टने नंतर भरत असेल तर ही युक्ती चालत नाही. रीडरला मिळालेला तक्ता रिकामाच असतो. दुवा स्कॅन केलेल्या पीडीएफचा असेल तर फक्त शीर्षक मिळेल, पण नवीन काही आलं हे कळतं, तेवढंही मोलाचं आहे.

प्रत्येक पान अर्ध्या तासाने तपासायची गरज नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान आधारित सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. अशा पानाला फीडच्या सेटिंगमध्ये सहा तासांचं अंतर द्या. समोरचा सर्व्हर 429 असं उत्तर देऊ लागला तर तुम्ही फार वेळा विचारता आहात. 403 आलं तर समोरच्याने यंत्रांना दार बंद केलं आहे. फीडच्या सेटिंगमध्ये यूझर एजंट (रीडर समोरच्याला सांगतो ती स्वतःची ओळख) बदलून एकदा पाहा, तरीही नाही तर तो फीड सोडा.

गाळणी: मराठीचा खरा कस

समजा तुम्हाला उसाच्या बातम्या वेगळ्या काढायच्या आहेत. शोधात ‘ऊस’ लिहिलं. ‘ऊसदर’, ‘ऊसतोड’ सापडलं, पण ‘उसाला पहिली उचल’ सुटलं, कारण प्रत्यय लागताच दीर्घ ‘ऊ’ ऱ्हस्व झाला. आणि जून ते सप्टेंबर यादीत पावसाच्याच बातम्या भरल्या, कारण ‘पाऊस’ या शब्दात ‘ऊस’ आहेच. म्हणून नुसता ‘ऊस’ न देता ‘ऊसतोड’, ‘ऊसदर’ आणि ‘उसा’ हे तीन तुकडे इंग्रजी ‘ऑर’ने जोडा. नव्या आवृत्त्यांत रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधाचा नमुना लिहिण्याची पद्धत) चालतं, त्यात ‘ऊस’च्या आधी मोकळी जागा किंवा मजकुराची सुरुवात हवी अशी अट घालता येते.

पावसासाठी ‘पाऊस’ आणि ‘पावसा’ दोन्ही द्या. लातूरसाठी ‘लातूर’ आणि ‘लातुर’. शेतकऱ्यांसाठी फक्त ‘शेतक’. इथे आणखी एक खोच आहे: ‘ऱ्या’ हे अक्षर दोन-तीन प्रकारे टाईप होतं, डोळ्यांना सारखंच दिसतं, पण संगणकाला ते वेगळे कोड असतात. ‘शेतक’पर्यंतच थांबलं की तो प्रश्नच मिटतो. गावांच्या नावांत ‘धाराशिव’ आणि ‘उस्मानाबाद’, ‘संभाजीनगर’ आणि ‘औरंगाबाद’ असे जोड ठेवा. जिल्ह्यांची नावं 2023 मध्ये बदलली, तरी जुन्या नोंदी आणि अनेक मथळे जुन्याच नावाने येतात.

जमलेला शोध ‘यूझर क्वेरी’ म्हणून साठवला की डावीकडून एका टिचकीत उघडतो. नको असलेल्यासाठी फीडच्या सेटिंगमध्ये ‘राशिभविष्य’सारखे शब्द देऊन ते आपोआप वाचलेले ठरवता येतात.

मोबाईलवर

सेटिंगमधल्या ऑथेंटिकेशन पानावर एपीआयला (बाहेरच्या ॲपला रीडरशी बोलू देणाऱ्या सोयीला) परवानगी द्या, मग प्रोफाईल पानावर एपीआयचा वेगळा पासवर्ड ठरवा. ॲपमध्ये हाच पासवर्ड टाकायचा असतो, लॉगिनचा नाही. अँड्रॉइडवर फीडमी, रीड यू किंवा कॅपी रीडर, आयफोनवर नेटन्यूजवायर घ्या. ॲप मागतं तो पूर्ण पत्ता प्रोफाईल पानावरच्या दुव्यातून मिळतो.

घराबाहेरून वाचायचं तर अडचण राउटरपाशी येते. राउटरच्या स्थिती पानावर वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता 100.64 ते 100.127 या टप्प्यात असेल तर तुम्ही कॅरियरच्या सामायिक पत्त्यामागे आहात, पोर्ट उघडून काहीही उपयोग नाही. टेलस्केल (आपल्याच उपकरणांना जोडणारं खासगी जाळं) सर्व्हरवर आणि मोबाईलवर बसवा, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करा, आणि ॲपमध्ये टेलस्केलने दिलेला पत्ता टाका. रीडर जगाला उघडा राहत नाही, हा मोठा फायदा. ॲप साध्या एचटीटीपीला नकार देत असेल तर टेलस्केलच्या ‘सर्व्ह’ सोयीने प्रमाणपत्रासह पत्ता मिळतो.

बॅकअप आणि अपडेट

ओपीएमएल फाईल (फीडची यादी बाहेर काढायची फाईल) महिन्यातून एकदा काढून ठेवा, पण तिच्यात मुख्यतः फीडची यादीच असते. तारांकित बातम्या त्यात नसतात. खरा बॅकअप म्हणजे ‘डेटा’ फोल्डर. रात्री तीनला डबा थांबवा, फोल्डर पेन ड्राईव्हवर बांधून घ्या, डबा पुन्हा सुरू करा. चालू असताना नक्कल केली तर एसक्यूलाईटची फाईल लिहिता लिहिता उचलली जाऊ शकते, आणि ते कळतं नेमकं परत आणायच्या दिवशी. म्हणून एकदा तो बॅकअप दुसऱ्या फोल्डरमध्ये सोडून, 8082 पोर्टवर दुसरा डबा उभा करून, आपले तारांकित लेख दिसतात का ते बघा.

अपडेटच्या आधीही हाच बॅकअप घ्या, मग रीडरची नवी प्रतिमा (डब्यासाठीचं तयार पॅकेज) ओढा आणि डबा पुन्हा उभा करा. जुन्या बातम्या प्रत्येक फीडला तीन महिन्यांपर्यंत ठेवल्या तर डेटाबेस आटोपशीर राहतो. तारा लावलेल्या बातम्या या साफसफाईत जाऊ नयेत अशी खूण त्याच पानावर आहे, ती लावलेली आहे ना ते पाहून मगच मुदत कमी करा.