ऑस्ट्रेलियातला रीजनल अनुभव आणि जर्मनांचे पीआर अर्ज: या चुका टाळा

गायझेनहाइमला वाइननिर्मितीची पदवी घेतलेला एक जर्मन तरुण धरू. वर्किंग हॉलिडे व्हिसावर तो दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बारोसा व्हॅलीत येतो. द्राक्षांच्या हंगामात वाइनरीत टाक्या धुतो, नळ्या ओढतो, रस पंपाने हलवतो. हंगाम सरला की मळ्यात छाटणी करतो. असं वर्ष निघून जातं आणि त्याला तिथेच कायमचं राहावंसं वाटू लागतं. मग कुशल स्थलांतराच्या अर्जात तो लिहितो, 'वाइनमेकर, ऑस्ट्रेलियातला एक वर्षाचा अनुभव, पाच गुण.' हा अर्ज फेटाळला जाण्याचीच शक्यता जास्त, आणि तसं झालं तर व्हिसाची फी परत मिळत नाही.

काम त्याने खरंच केलं, जागा रीजनल, म्हणजे मोठ्या महानगरांबाहेरची, होती आणि पगारही रीतसर बँकेत जमा झाला. घोटाळा असा की ऑस्ट्रेलियात हेच काम तीन ठिकाणी तीन वेगळ्या मापांनी मोजलं जातं. वर्किंग हॉलिडेचा पुढचा व्हिसा देताना ठरावीक पोस्टकोडमधलं ठरावीक प्रकारचं काम बघतात. कुशल स्थलांतराचे गुण मोजणाऱ्या पॉइंट्स टेस्टमध्ये तुमचा व्यवसाय बघतात. राज्य सरकार नॉमिनेशन, म्हणजे व्हिसासाठीची शिफारस, देताना तुम्ही त्या राज्यात राहता का, कमावता का आणि टिकाल का, हे बघतं. एका ठिकाणचं माप दुसऱ्या ठिकाणी लावलं की अर्ज अडकतो. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ हेच आहे.

स्टुटगार्ट-म्युनिककडे नोकरी करणारे आणि पुढे ऑस्ट्रेलियाचा विचार करणारे मराठी इंजिनिअर काही कमी नाहीत. त्यांनाही हे सगळं लागू पडतं, कारण गुणांचं कोष्टक सगळ्या देशांच्या अर्जदारांना एकच आहे. जर्मनीतली नोकरी जर्मन माणसाने केली काय किंवा पुण्याहून गेलेल्याने केली काय, ऑस्ट्रेलियाच्या हिशेबात ती परदेशी अनुभव म्हणूनच मोजली जाते. वर्किंग हॉलिडेत मात्र फरक आहे. जर्मनांना ४१७ क्रमांकाचा व्हिसा मिळतो. भारतीयांसाठी ४६२ आहे, त्याच्या वर्षाला १,००० जागा आहेत आणि त्यासाठी सोडत निघते.

रीजनल नोकरीला वेगळे गुण असतात, हा समज

असे गुण नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या कुशल नोकरीला एक वर्षापासून ५ गुण मिळतात, तीन वर्षांपासून १०, पाचपासून १५ आणि आठपासून २०. ही नोकरी सिडनीतली असो की ॲलिस स्प्रिंग्समधली, गुण तेवढेच. देशाबाहेरच्या अनुभवाला तीन वर्षांपासून ५, पाचपासून १० आणि आठपासून १५ गुण आहेत. दोन्ही मिळून २०च्या वर जाता येत नाही. पाच वर्षं जर्मनीत आणि पाच वर्षं ॲडलेडमध्ये काम केलं तरी हाती २०च येतात, २५ नाही. कामही गेल्या दहा वर्षांतलंच धरतात.

मग रीजनलचे म्हणून सांगतात ते १५ गुण कुठले? ते ४९१ या रीजनल भागासाठीच्या तात्पुरत्या कुशल व्हिसाच्या नॉमिनेशनचे. ते राज्य सरकार देतं, किंवा रीजनल भागात राहणाऱ्या पात्र नातेवाइकाच्या स्पॉन्सरशिपमुळे मिळतात. रीजनल भागात शिक्षण घेतलं असेल तर ५ गुण वेगळे आहेत, पण ते शिक्षणाचे, नोकरीचे नव्हेत. त्या भागात केलेल्या कामाचा खरा उपयोग राज्याला पटवण्यासाठी होतो. कित्येक राज्यं आपल्याकडे आधीपासून राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या माणसाला पुढे घेतात. किती महिने, किती तास आणि कोणत्या व्यवसायात, याचे नियम प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. कार्यक्रमाचं वर्ष १ जुलैला सुरू होतं तेव्हा हे नियम बरेचदा बदलतात. गेल्या वर्षी नॉमिनेशन मिळालेल्या मित्राची यादी समोर ठेवून या वर्षीचा अर्ज भरू नका.

दोन वेगळे नकाशे

४९१साठी सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही महानगरं सोडून सगळा देश रीजनल आहे. १६ नोव्हेंबर २०१९पासून अशी व्याख्या आहे. पर्थ, ॲडलेड, कॅनबेरा, होबार्ट, गोल्ड कोस्ट, न्यूकॅसल आणि वोलोन्गाँग हे सगळं तिच्यात बसतं.

वर्किंग हॉलिडेच्या कामाची पोस्टकोड यादी वेगळी. पर्थ शहर त्या यादीत नाही, ॲडलेडसह सगळं दक्षिण ऑस्ट्रेलिया मात्र आहे. त्यामुळे पर्थमधल्या बांधकामावर तीन महिने राबून दुसरा ४१७ मागणाऱ्याला नकार येतो, आणि तेच पर्थ ४९१साठी चालतं. उलटही होतं. दुसऱ्या ४१७साठी ८८ दिवसांच्या, म्हणजे तीन महिन्यांच्या, कामाचा दाखला मिळाला म्हणजे ते काम 'कुशल' ठरलं, अशी समजूत मी पुन्हा पुन्हा ऐकतो. आंबे तोडण्याचे ८८ दिवस मेकॅनिकल इंजिनिअरच्या अर्जात एक गुणही वाढवत नाहीत. ते त्याला देशात आणखी एक वर्ष देतात, आणि ते वर्ष आपल्या व्यवसायातल्या नोकरीत घालवलं तरच पुढे उपयोगी पडतं.

ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना १ जुलै २०२४पासून ही रीजनल कामाची अट उरलेली नाही. हॉस्टेलमधल्या ब्रिटिश सोबत्याच्या सल्ल्यावर जर्मनांनी चालू नये. त्यांना दुसऱ्या व्हिसासाठी तीन महिने आणि तिसऱ्यासाठी सहा महिने काम करावंच लागतं, तेही पगारी. जेवण-राहण्याच्या बदल्यात केलेलं काम २०१५पासून धरत नाहीत.

पद एक, काम दुसरंच

बारोसातल्या त्या तरुणाची खरी अडचण इथे आहे. पदवी वाइनमेकरची, पण हंगामात केलेलं काम सेलरहँडचं, म्हणजे वाइनरीतल्या मदतनिसाचं. वाइनमेकर म्हणजे द्राक्ष कधी तोडायचं, किण्वन कसं चालवायचं, मिश्रण काय करायचं हे ठरवणारा. या व्यवसायाची तपासणी वेटअसेस ही संस्था करते. हुद्दा काय लिहिलाय यापेक्षा रोजचं काम काय होतं आणि निर्णय कोणाच्या हाती होते, हे तिथे बघतात. छाटणी तर त्या व्यवसायात बसतच नाही.

परवाना लागणाऱ्या धंद्यांत हे जास्त बोचतं. जर्मनीत साडेतीन वर्षं आउसबिल्डुंग (व्यावसायिक प्रशिक्षण) करून गेझेलनब्रीफ (कारागिराचं प्रमाणपत्र) मिळवलेला इलेक्ट्रिशियन कॅलगुर्लीच्या खाणीवर पोहोचतो. स्थानिक परवाना नसल्यामुळे त्याला ट्रेड्स असिस्टंट म्हणून घेतात. दोन वर्षं तो चांगले पैसे कमावतो, पण कागदावर ती दोन वर्षं इलेक्ट्रिशियनची नसतात. त्याने आधी कौशल्य-तपासणी करून ओटीएसआर हा दाखला घ्यायला हवा. मग देखरेखीखाली काम करण्याचा तात्पुरता परवाना आणि ऑस्ट्रेलियन नियमांचं पूरक प्रशिक्षण, असा क्रम आहे. पगाराच्या मोहात हा क्रम उलटा झाला की वर्षं हातची जातात, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण अशी माणसं कामात खरोखर उत्तम असतात.

४१७वर आणखी एक बंधन आहे. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांहून जास्त काम करता येत नाही. काही क्षेत्रांना सूट आहे, काही वेळा परवानगी मागता येते. त्यामुळे बारा महिने भरायला दोन मालक लागतील हे धरूनच चाला आणि दोन्हीकडे व्यवसाय तोच ठेवा. आठवड्याला किमान २० तास पगारी काम हवं. व्हिसाची अट मोडून केलेले महिने गुणांत धरत नाहीत.

जर्मन कागद चांगले असतात, पण पुरत नाहीत

जर्मनीत नोकरी सोडताना आर्बाइट्सत्सॉयग्निस, म्हणजे कामाचं प्रमाणपत्र, मिळतं. तो कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्क आहे, तिथल्या व्यवसाय कायद्याच्या कलम १०९मध्ये तो दिलेला आहे. त्यात कामाचं वर्णन असतं, वागणुकीचं आणि कामगिरीचं मूल्यमापन असतं. म्हणून जर्मन अर्जदाराला वाटतं, याहून मोठा पुरावा कुठला? पण ऑस्ट्रेलियाला हवे असलेले आठवड्याचे तास आणि पगार त्यात सहसा नसतात. पूर्णवेळ की अर्धवेळ हेही कित्येकदा लिहिलेलं नसतं. कामगिरी किती छान होती याच्याशी तपासणाऱ्याला काही घेणं नसतं.

उपाय सोपा आहे, फक्त वेळेवर करायला हवा. नोकरीत असतानाच कंपनीकडून लेटरहेडवर दुसरं, इंग्रजी पत्र घ्या. त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख, हुद्दा, आठवड्याचे तास, पगार, पाच-सहा ओळींत प्रत्यक्ष कामं आणि सही करणाऱ्याचा संपर्क असू द्या. कामांची भाषा तुमची हवी. सरकारी व्यवसाय-सूचीतली वाक्यं जशीच्या तशी उतरवलेलं पत्र तपासणारा लगेच ओळखतो.

दुसरा आधार डॉइचे रेंटनफरझिशरुंग या जर्मन पेन्शन विमा संस्थेकडचा. तिथून तुमचा विमा-इतिहास मागवता येतो. कोणत्या काळात किती पगारावर वर्गणी भरली गेली, याची ती सरकारी नोंद असते. कंपनी बुडाली, साहेब निवृत्त झाला, तरी हा कागद राहतो. त्याला पगारपत्रकं आणि वार्षिक लोनश्टॉयरबेशायनिगुंग (पगारावरच्या कराचा दाखला) जोडा. जर्मन कागदांना प्रमाणित भाषांतर लागतं. ऑस्ट्रेलियात करून घेत असाल तर भाषांतरकार नाटी या तिथल्या भाषांतरकारांच्या संस्थेचा मान्यताप्राप्त हवा.

कागद गोळा करताना खंडही प्रामाणिकपणे मांडा. बिनपगारी एल्टर्नत्साइट (पालकत्वाची रजा) म्हणजे नोकरी चालू होती, काम नव्हतं, म्हणून ते महिने वजा होतात. २०२०च्या कुर्त्सआर्बाइटमध्ये (मंदीत तास कमी करण्याच्या योजनेत) तास २०च्या खाली गेले असतील तर तेही वेगळे काढा. आउसबिल्डुंगचा काळ प्रशिक्षणाचा, तो कुशल अनुभव म्हणून मोजू नका. विमा-इतिहासात हे सगळं दिसतंच. पत्रात एक आणि त्यात दुसरं निघालं, तर खऱ्या महिन्यांवरही संशय येतो.

ऑस्ट्रेलियातल्या कामासाठी पेस्लिप, टॅक्स ऑफिसचं इन्कम स्टेटमेंट आणि सुपरचं, म्हणजे निवृत्तिनिधीचं, स्टेटमेंट जपा. राज्यासाठी भाडेकरार आणि वीजबिलंही ठेवा, कारण तिथे पत्त्याला कामाइतकंच महत्त्व आहे. रोख पगारावर काम केलं असेल, तर ते सिद्ध करणं जवळजवळ अशक्य होतं.

कुशल ठरण्याची तारीख न बघणं

तपासणी करणाऱ्या संस्थेच्या पत्रात बहुधा एक तारीख असते. त्या तारखेनंतरचाच अनुभव कुशल. आयटीवाल्यांची तपासणी करणारं एसीएस (ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी) सुरुवातीची काही वर्षं पात्रतेसाठीच वापरतं, म्हणजे गुणांसाठी ती गेली. जर्मनीतली सहा वर्षं धरून १० गुण लिहिले आणि पत्रानुसार चारच निघाली, तर गुण ५. एवढ्यावरच नकार येऊ शकतो.

वर्ष थांबलो की पाच गुण वाढतील

वाढतील, पण वय बघा. २५ ते ३२ वयाला ३० गुण आहेत, ३३ ते ३९ला २५ आणि ४० ते ४४ला १५. बत्तिसाव्या वर्षी थांबून अनुभवाचे ५ मिळवले आणि तेहतिसावा वाढदिवस झाला, तर हिशेब तिथेच राहिला. एकोणचाळिसाव्या वर्षी थांबणारा ५ मिळवून १० घालवतो. पंचेचाळीस पूर्ण झाल्यावर व्हिसाचा अर्ज करण्याचं आमंत्रणच येत नाही.

या सगळ्यापेक्षा इंग्रजीची परीक्षा हाताशी असते आणि तिच्याकडेच दुर्लक्ष होतं. जर्मन पासपोर्टला सूट नाही, दोन वर्षं इंग्रजीत काम केल्याचा दाखलाही चालत नाही. आयईएल्ट्समध्ये चारही भागांत ७ आले तर १० गुण, ८ आले तर २०. ते २० म्हणजे ऑस्ट्रेलियात आठ वर्षं काम करण्याइतके. चार महिने मन लावून लेखनाचा सराव करणं हा दूरच्या गावात आणखी एक वर्ष काढण्यापेक्षा बहुतेकांसाठी चांगला सौदा आहे, असं माझं ठाम मत आहे.

ईओआयमधला रिकामा रकाना

व्हिसाच्या अर्जाआधी स्किलसिलेक्ट या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत ईओआय, म्हणजे इच्छा कळवणारा फॉर्म, भरतात. त्यात नोकरीची शेवटची तारीख रिकामी ठेवली, की नोकरी चालूच आहे असं यंत्रणा धरते आणि काळ पुढे सरकला की गुण आपोआप वाढवते. तुम्ही मार्चमध्ये नोकरी सोडली, तारीख भरायची राहिली, जुलैमध्ये तीन वर्षं 'पूर्ण' झाली आणि त्या वाढीव गुणांवर आमंत्रण आलं. आमंत्रण आलं तेव्हाचे गुण सिद्ध करता आले नाहीत, तर व्हिसा मिळत नाही. नोकरी सोडली, तास कमी केले, भूमिका बदलली की त्याच आठवड्यात ईओआय दुरुस्त करा. त्याच कंपनीत इंजिनिअरचे मॅनेजर झालात, तर ते दोन वेगळे नोंद-काळ आहेत.

चूक आधीच झाली असेल तर

आमंत्रण आलेलं नसेल, तर ईओआय उघडा आणि सुधारा, त्याला काही लागत नाही. आमंत्रण आल्यावर गुण जास्त मागितल्याचं कळलं, तर अर्ज करूच नका. साठ दिवस जाऊ द्या, ते आमंत्रण आपोआप रद्द होतं. दोनदा असं झालं तर ईओआय काढून टाकतात, मग नवा भरावा लागतो. फी गमावण्यापेक्षा ते बरं.

अर्ज भरून झाला असेल आणि तारीख किंवा तास चुकल्याचं लक्षात आलं, तर फॉर्म १०२३ भरून स्वतःहून कळवा, आणि अधिकाऱ्याचं पत्र येण्याची वाट बघू नका. चुकीची किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्याचा ठपका बसला, तर तीन वर्षं बहुतेक व्हिसे बंद होतात. कंपनी पत्रच देत नसेल, तर तुमच्या वरिष्ठाचं किंवा सहकाऱ्याचं शपथपत्र घ्या. त्याला करारनामा, बँकेतले पगाराचे जमा आणि पत्र मागितल्याचे तुमचे ईमेल जोडा. पत्र का नाही, हे एका परिच्छेदात सरळ लिहा. पैसे देऊन सल्ला घेणार असाल, तर एजंट ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत आहे का, हे त्याचा नोंदणी क्रमांक मागून सरकारी यादीत तपासा आणि मगच कागद हाती द्या.