ऑफिसातला आवाज अंगात मुरू नये म्हणून काय करावं

ऐरोलीचं आयटी पार्क असो, महापे एमआयडीसी असो की ठाण्याची वागळे इस्टेट, ओपन ऑफिसात, म्हणजे मधे भिंती नसलेल्या मोठ्या हॉलात, बसणाऱ्याला गोंगाटाबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘सवय झाली आता.’ मनाला होतही असेल. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या गॅरी इव्हान्स आणि डाना जॉन्सन यांचा एक प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात ४० महिला कर्मचाऱ्यांचे दोन गट केले. एका गटाला ३ तास ओपन ऑफिसात असतो तसा, बेताचाच आवाज ऐकवला. दुसरा गट शांततेत बसला. ताण आला का, असं विचारल्यावर दोन्हीकडची उत्तरं जवळपास सारखी होती. पण आवाजात बसलेल्यांच्या लघवीत ॲड्रेनलिन हे ताणाचं संप्रेरक जास्त निघालं, न सुटणारी कोडी त्यांनी लवकर सोडून दिली आणि खुर्चीतल्या खुर्चीत त्या कमी हलल्या. मान आणि कंबर आखडणाऱ्यांनी हे शेवटचं नीट वाचावं.

म्हणून ‘मला काही वाटत नाही’ यावर विसंबू नका. पुढच्या गोष्टी क्रमानं करून बघा.

१. आवाज मोजा
आयफोन असेल तर अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेचं साउंड लेव्हल मीटर ॲप मोफत मिळतं. अँड्रॉइडवरची ॲप अंदाजापुरती वापरा; दोन जागांची तुलना करायला तेवढं पुरतं. सकाळी, जेवणानंतर आणि कॉल्सची गर्दी असते तेव्हा, आपल्याच टेबलावर मोजा.

आकडा किती असावा? ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरकारी ऑफिसांतल्या कर्मचाऱ्यांना अंगावर सेन्सर लावले होते. हृदयाच्या ठोक्यांवरून दिसलं की ५० डेसिबलच्या आसपास शरीर सर्वांत निवांत असतं. त्याच्या वर बिघडतं आणि बरंच खाली गेलं तरी बिघडतं. त्यामुळे टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता मागू नका. तशा खोलीत लांबच्या टेबलावरची कुजबुजही स्पष्ट कळते.

आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी भागासाठी दिवसा ६५ डेसिबलची मर्यादा आहे. ती बाहेरच्या परिसराची. ‘६५ च्या आत आहे ना’ असं ॲडमिननं सांगितलं तर हा फरक त्यांना सांगा.

२. आवाजाची जात ओळखा
ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग नको तिथे पैसे घालतात. एसीची घरघर किंवा ठाणे-बेलापूर रोडवरून येणारी एकसुरी गाज मेंदू बऱ्यापैकी मागे टाकतो. बोलणं मात्र टाकता येत नाही, त्यातही आपल्याला कळणाऱ्या भाषेतलं. सर्वांत वाईट म्हणजे शेजारच्याचं फोनवरचं एकतर्फी बोलणं. समोरचा काय म्हणाला असेल हे डोकं आपोआप जुळवत बसतं. तेव्हा दिवसभरात काम नेमकं कशानं तुटलं ते कागदावर लिहा: घरघर, बोलणं, की अचानक आदळणारा दरवाजा.

३. अंगाकडे बघा
गोंगाटाच्या वेळी आणि शांत वेळी एकेक मिनिट नाडी मोजा. चहा नुकताच झाला असेल किंवा जिना चढून आला असाल तर थोडं थांबा. दात आवळलेत का, खांदे कानाकडे चढलेत का, तेही पाहा. आवाजात आपण कमी हलतो, हे वर आलंच. म्हणून अर्ध्या तासाचा गजर लावा आणि वाजला की उठा. पाण्याची बाटली मुद्दाम छोटी ठेवली तरी चालेल.

४. जागा बदला, मग वस्तू
पॅन्ट्री, प्रिंटर आणि सेल्सची टीम यांच्यापासून लांबची सीट मागणं हा सर्वांत स्वस्त उपाय. ते होत नसेल तर निदान भिंतीला पाठ करून बसा. पार्टिशन उंच करून मोठा फरक पडेल ही आशा सोडा. वरचं छत टणक असेल तर आवाज त्याला आपटून पलीकडे उतरतोच. छताला आवाज शोषणाऱ्या टाइल्स आणि खाली कार्पेट, यांचा उपयोग जास्त.

५. हेडफोन जपून
नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घरघर आणि लोकलचा खडखडाट चांगला कापतात, बोलणं तितकं नाही. बोलणं बुजवायला पावसाचा किंवा पंख्याचा एकसारखा आवाज हळू लावा. मेल लिहिताना शब्दांची गाणी नकोत. आवडती तर नकोतच, कारण आपण मनात गायला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मोठ्यांसाठी सुरक्षित मर्यादा आहे. ट्रान्स-हार्बर लोकलच्या प्रवासात वाढवलेला व्हॉल्यूम ऑफिसात शिरल्यावर उतरवायला विसरू नका.

६. एचआरकडे आकडे घेऊन जा
‘खूप आवाज होतो’ म्हणणाऱ्याला चिडका ठरवतात. आठवडाभराच्या नोंदी दाखवा आणि एकच नेमकी गोष्ट मागा: स्पीकरवरचे कॉल मीटिंग रूममध्येच, किंवा सकाळी ११ ते १२ शांत तास. टीम लीडला आधी बरोबर घ्या; त्याच्याही कानावर तोच गोंगाट पडत असतो.

कानात सतत शिट्टी वाजत असेल, रक्तदाब वाढलेला दिसत असेल किंवा घरी येऊनही झोप लागत नसेल, तर मात्र ॲप बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. जाताना नोंदींचा तो कागद सोबत न्या.