मंडळाची मैत्रीपूर्ण बुद्धिबळ स्पर्धा कशी भरवावी

गावातील किंवा वसाहतीतील मंडळ एखाद्या रविवारी बुद्धिबळ स्पर्धा भरवायचे ठरवते, तेव्हा कॅरमच्या सवयीने बाद पद्धत उचलली जाते आणि पहिल्याच फेरीनंतर निम्मे खेळाडू घरी जातात. मैत्रीपूर्ण स्पर्धेसाठी यापेक्षा वाईट पद्धत शोधून सापडणार नाही. जो खेळाडू कच्चा आहे आणि ज्याला खेळण्याची खरी गरज आहे, त्यालाच ती सर्वांत कमी डाव देते. शिवाय बुद्धिबळात बरोबरी ही नेहमीची गोष्ट असल्यामुळे बरोबरीत सुटलेल्या डावातून कोणाला पुढे पाठवायचे, हा वाद दर फेरीला नव्याने उभा राहतो. म्हणून आयोजकांनी एकच कसोटी आधी ठरवून घ्यावी: शेवटच्या पटावरील खेळाडूला दिवसभरात पहिल्या पटावरील खेळाडूइतकेच डाव मिळाले पाहिजेत. पुढील सर्व निर्णय या कसोटीला धरून घेतले की बहुतेक अडचणी आपोआप सुटतात.

खेळाडू सहा किंवा आठ असतील तर साखळी पद्धत उत्तम. सहा जणांत पाच फेऱ्यांमध्ये पंधरा डाव होतात आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो. आठ जण असतील तर सात फेऱ्या आणि अठ्ठावीस डाव. मंडळात आठवड्यातून एक संध्याकाळ जमणाऱ्यांनी दर आठवड्याला एक फेरी, अशा रीतीने ही स्पर्धा दीड-दोन महिने चालवली तर ती एका दिवसाच्या धावपळीपेक्षा अधिक रंगते. दहाच्या वर नावे आली की मात्र स्विस लीग पद्धतीला पर्याय नाही. १८९५ साली झुरिच येथील स्पर्धेत प्रथम वापरली गेलेली ही पद्धत साधी आहे. कोणीही बाद होत नाही, प्रत्येक फेरीत शक्यतो समान गुण असलेले खेळाडू एकमेकांसमोर येतात आणि एकदा झालेली जोडी पुन्हा लावली जात नाही. बत्तीस खेळाडूंपर्यंत पाच फेऱ्या आणि चौसष्टपर्यंत सहा फेऱ्या असे गणित धरले तर सर्व डाव जिंकणारा एकाहून अधिक उरत नाही.

फेऱ्यांची संख्या ठरली की वेळ ठरवावी, आणि ती घड्याळे मोजून ठरवावी. प्रत्येकी पंधरा मिनिटे आणि प्रत्येक चालीला दहा सेकंदांची भर हे मंडळाच्या स्पर्धेला मानवणारे प्रमाण आहे. साठ चालींचा डाव धरला तर भरीचीच दहा मिनिटे होतात, म्हणजे एका खेळाडूला पंचवीस आणि दोघांना मिळून पन्नास मिनिटे. दहा वाजता पहिली फेरी सुरू करून दोन फेऱ्यांत दहा मिनिटांचे अंतर ठेवले तर तिसरी फेरी एक वाजण्याच्या सुमारास आटोपते, जेवणानंतर पावणेदोनला चौथी सुरू होते आणि चार वाजता बक्षिसे देता येतात. जुन्या चावीच्या घड्याळांत भर देण्याची सोय नसते. तेथे प्रत्येकी पंचवीस मिनिटे द्यावीत. प्रत्येक पटाला घड्याळ नसेल तरी स्पर्धा अडत नाही. डाव घड्याळाविना सुरू करावेत, अर्ध्या तासानंतर जे थोडे पट शिल्लक राहतील त्यांवर घड्याळे मांडावीत आणि दोघांना सारखा, म्हणजे पाच किंवा दहा मिनिटांचा वेळ द्यावा. हा नियम मात्र पहिल्या फेरीपूर्वी मोठ्याने सांगितलेला असावा, नाहीतर ज्याची बाजू पडती आहे त्याला तो अचूक त्याच क्षणी अन्यायकारक वाटू लागतो.

साहित्यात काटकसर करायची ती बक्षिसांत करावी, पटांत करू नये. नऊ-साडेनऊ सेंटीमीटर उंचीचा राजा आणि पाच ते सहा सेंटीमीटरचे घर हे प्रमाण असलेले, गुंडाळता येणारे पट आणि प्लॅस्टिकच्या सोंगट्या वर्षानुवर्षे टिकतात. घरोघरची लहान, चुंबकाची किंवा सजावटीची पेटी स्पर्धेत आणू देऊ नये, कारण अनोळखी आकाराच्या सोंगट्यांमध्ये उंट आणि प्यादे यांची गल्लत होते. पंचांच्या टेबलावर दोन्ही रंगांचे जादा वजीर ठेवावेत. मुले प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की हत्ती उलटा ठेवून त्याला वजीर म्हणतात, आणि नियमाप्रमाणे उलटा ठेवला तरी तो हत्तीच असतो. फेरी सुरू होण्यापूर्वी एका कार्यकर्त्याने सर्व पटांवरून नजर फिरवून प्रत्येकाच्या उजव्या हाताला कोपऱ्यात पांढरे घर आहे आणि पांढरा वजीर पांढऱ्या घरात आहे एवढे पाहिले, तर नंतरचे निम्मे कज्जे टळतात.

जोड्या लावण्यासाठी स्विस-मॅनेजरसारखी संगणक प्रणाली वापरता येते, पण तीस-चाळीस खेळाडूंपर्यंत पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या पुरेशा होतात, आणि प्रत्येक मंडळात निदान दोघांना तरी हे हाताने करता आले पाहिजे. प्रत्येक खेळाडूची एक चिठ्ठी करावी. वर अनुक्रमांक व नाव, खाली फेरीगणिक प्रतिस्पर्ध्याचा क्रमांक, सोंगट्यांचा रंग आणि गुण यांचे रकाने. अनुक्रम ताकदीप्रमाणे लावावा: ज्यांना आंतरराष्ट्रीय रेटिंग आहे ते त्याप्रमाणे, बाकीचे मागील स्पर्धेतील गुणांप्रमाणे आणि अगदी नवखे शेवटी. बावीस खेळाडू असतील तर पहिल्या फेरीत यादीचे मधोमध दोन भाग करून १ विरुद्ध १२, २ विरुद्ध १३, अशा ११ विरुद्ध २२ पर्यंत जोड्या लावाव्यात. पहिल्या पटावर वरच्या क्रमांकाला पांढऱ्या सोंगट्या दिल्या तर दुसऱ्या पटावर काळ्या द्याव्यात आणि पुढेही तसेच आलटून पालटून चालावे.

दुसऱ्या फेरीपासून चिठ्ठ्यांचे गुणांप्रमाणे गठ्ठे टेबलावर मांडावेत. समजा, पहिल्या फेरीत अकरा जण जिंकले आणि अकरा हरले. एक गुणाच्या गठ्ठ्यात अकरा चिठ्ठ्या आहेत, म्हणजे एक शिल्लक राहणार; ती शक्यतो त्या गठ्ठ्यातील खालच्या क्रमांकाची असावी आणि तिला शून्याच्या गठ्ठ्यातील वरच्या खेळाडूशी जोडावे. उरलेल्या दहा जणांत पुन्हा वरचे पाच विरुद्ध खालचे पाच. मागील फेरीत पांढऱ्याने खेळलेल्याला या वेळी काळ्या मिळाव्यात असा प्रयत्न करावा. तो प्रत्येक वेळी साधत नाही, पण सलग तीन डाव एकाच रंगाने कोणाच्याही वाट्याला येऊ देऊ नयेत. एकूण संख्या विषम असेल तर सर्वांत कमी गुणांच्या गटातील शेवटच्या खेळाडूला बाय आणि एक गुण द्यावा, व त्याच खेळाडूला दुसऱ्यांदा बाय देऊ नये. येथे आपली कसोटी आठवावी: बाय मिळालेल्याला गुण मिळतो, पण डाव मिळत नाही. म्हणून मंडळाचा एखादा कार्यकर्ता राखीव ठेवावा आणि त्याने त्या फेरीत या खेळाडूशी स्पर्धेबाहेरचा डाव खेळावा. बाय मिळालेले मूल तासभर जिन्यात बसून राहते, हे दृश्य नेहमीचे असले तरी टाळण्याजोगे आहे.

नियमांच्या बाबतीत स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळवली जाईल हे आधीच जाहीर करावे, कारण घरी आजोबांकडून देशी पद्धतीने शिकलेले खेळाडू अजूनही भेटतात. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर चालते आणि किल्लेकोटाऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल मिळते. हात लावलेली सोंगटी खेळलीच पाहिजे, हा नियम मैत्रीपूर्ण स्पर्धेतही सैल करू नये. सोंगटी केवळ नीट ठेवायची असेल तर आधी तसे सांगून मगच हात लावावा. जलद डावात पहिल्या बेकायदेशीर चालीसाठी प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे वाढवून मिळतात आणि दुसऱ्या वेळी डाव जातो. शालेय मुलांच्या गटात पहिल्या वेळी फक्त समज देण्याची सवलत ठेवायची असेल तर ती सर्वांना सारखी आणि आधीच जाहीर केलेली असावी.

सर्वांत जास्त वाद मात होते की नाही यावर होतात, आणि त्यातला एक इतका ठरावीक आहे की पंचांनी तो तोंडपाठ ठेवावा. काळ्याचा एकटा राजा ए८ या कोपऱ्यातील घरात आहे, पांढऱ्याने वजीर बी६ वर आणून ठेवला आहे आणि मूल हात वर करून मात झाल्याचे सांगत आहे. राजाला ए७, बी७ आणि बी८ ही तिन्ही घरे बंद आहेत, परंतु ए८ वर शह नाही. खेळायला चाल नाही आणि शहही नाही, म्हणून डाव बरोबरीत सुटला. पंचांनी निकाल सांगण्यापूर्वी दोघांनाही पटाकडे पाहून एकच प्रश्न विचारावा: या क्षणी राजाला शह कोणत्या सोंगटीचा आहे? उत्तर त्यांनी स्वतः शोधले की रडारड कमी होते आणि पुढच्या वेळी वजीर एक घर अलीकडे थांबतो.

डाव संपल्यावर दोन्ही खेळाडूंनी मिळून पंचांच्या टेबलाशी यावे, निकालाच्या चिठ्ठीवर दोघांनी सही करावी आणि मगच सोंगट्या पुन्हा मांडाव्यात. एकट्याने येऊन सांगितलेला निकाल लिहून घेऊ नये. लहान गटात दोघेही प्रामाणिकपणे आपणच जिंकलो असे सांगू शकतात.

आता पालकांविषयी. २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्णपदके जिंकली, त्यांत नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख होते. पुढच्याच वर्षी दिव्याने बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. मुलांना बुद्धिबळाला घालण्याची घाई त्यानंतर आणखी वाढली आहे आणि मंडळाच्या सभागृहात खेळाडूंइतकेच पालक दिसतात. त्यांना खेळाच्या जागेबाहेर बसवावे, पण वाऱ्यावर सोडू नये. त्यांच्यासाठी खुर्च्या, पाणी, चहा आणि जोड्यांच्या तक्त्याची एक प्रत बाहेर लावलेली असावी. दाराच्या फटीतून खाणाखुणा करणाऱ्या वडिलांना पहिल्याच फेरीत नम्रपणे बाजूला घ्यावे. दुसऱ्या फेरीपर्यंत थांबल्यास त्यांचे अनुकरण करणारे आणखी चौघे तयार होतात. सर्वांचे मोबाइल बंद करून पिशवीत ठेवायला सांगावे, आणि हे पंचांनाही लागू आहे.

दोन मंडळांचा सामना हा स्पर्धेपेक्षा सोपा आणि माझ्या मते अधिक आनंदाचा प्रकार आहे. दोन्ही संघांनी ताकदीप्रमाणे लावलेली यादी एकाच वेळी एकमेकांना द्यावी, नाणेफेक जिंकणाऱ्या संघाला विषम क्रमांकाच्या पटांवर पांढऱ्या सोंगट्या मिळाव्यात आणि दुसऱ्या फेरीत रंग बदलावेत. पूर्ण दिवस असेल तर शेवेनिंगेन पद्धत वापरून पाहावी. नेदरलँड्समधील त्या गावच्या १९२३ च्या स्पर्धेमुळे तिला हे नाव मिळाले आहे, आणि तिच्यात एका संघातील प्रत्येक जण दुसऱ्या संघातील प्रत्येकाशी खेळतो. चार-चार जणांच्या संघांत चार फेऱ्यांमध्ये सोळा डाव होतात. पहिल्या फेरीत समान क्रमांक समोरासमोर येतात. दुसऱ्या फेरीत पहिला दुसऱ्याशी आणि तिसरा चौथ्याशी. तिसऱ्या फेरीत पहिला तिसऱ्याशी आणि दुसरा चौथ्याशी. शेवटच्या फेरीत पहिला चौथ्याशी आणि दुसरा तिसऱ्याशी, दोन्ही बाजूंनी. यजमान संघातील वरच्या दोघांना पहिल्या व तिसऱ्या फेरीत आणि खालच्या दोघांना दुसऱ्या व चौथ्या फेरीत पांढऱ्या सोंगट्या दिल्या की दोन्ही संघांतील आठही खेळाडूंना प्रत्येक रंगाचे दोन-दोन डाव मिळतात. चौथ्या पटावरच्या खेळाडूला समोरच्या संघाच्या पहिल्या खेळाडूशी खेळायला मिळते, हे या पद्धतीचे मोठे आकर्षण आहे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून जे वातावरण उभे केले आणि ज्यामुळे त्या शहराला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात, त्याचा पाया नवख्यांना जाणत्यांसमोर बसवणे हाच होता, असे मला वाटते.

स्पर्धेच्या शेवटी गुण समान झाले तर बुकहोल्झ पद्धतीने क्रम लावावा, म्हणजे खेळाडूच्या सर्व प्रतिस्पर्ध्यांच्या अंतिम गुणांची बेरीज करावी. चार गुणांवर असलेल्या दोघांपैकी एकाच्या प्रतिस्पर्ध्यांचे गुण ३, ३.५, २, ४ आणि २.५ असतील तर बेरीज १५ होते. दुसऱ्याचे २, ३, १, ४ आणि २.५ असतील तर १२.५. पहिल्याला अधिक बलवान खेळाडू भेटले, म्हणून तो वर. ही आकडेमोड तक्त्यावर उघड लिहावी. रोख बक्षीस असेल तर समान गुण असलेल्यांत रक्कम वाटून द्यावी आणि बुकहोल्झ फक्त करंडकापुरता ठेवावा. मैत्री टिकवण्याचा तो स्वस्त मार्ग आहे. पहिल्या तीन क्रमांकांनंतर वयोगटातील, ज्येष्ठांतील आणि पहिल्यांदाच खेळणाऱ्यांतील सर्वोत्तम खेळाडूंना लहानशी बक्षिसे ठेवावीत. या निकालांवरून कोणाला आंतरराष्ट्रीय रेटिंग मिळणार नाही, हेही प्रवेशपत्रिकेवर स्पष्ट लिहावे, कारण त्यासाठी संघटनेमार्फत रीतसर नोंदणी आणि परवानाधारक पंच लागतात.

बक्षीस समारंभ चालू असतानाच दोन कार्यकर्त्यांनी प्रत्येक पिशवीत बत्तीस सोंगट्या आणि जादा वजीर मोजून भरावेत. हरवलेले प्यादे त्याच संध्याकाळी सापडते, आठवड्यानंतर सापडत नाही. घड्याळांतील सेल काढून ठेवावेत. जोड्यांच्या चिठ्ठ्या फेकू नयेत, रबर लावून पेटीत ठेवाव्यात, कारण पुढील स्पर्धेचा ताकदीचा अनुक्रम त्यांवरूनच लावायचा असतो.