मिश्र सॉकर लीगमध्ये संघ उतरवताय? या चुका टाळा

थंडी ओसरली की अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत मोठ्या माणसांच्या हौशी सॉकर लीग सुरू होतात. त्यातल्या को-एड लीगमध्ये, म्हणजे बायका आणि पुरुष एकाच संघातून खेळतात तिथे, न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत आपली मंडळीही हौसेने उतरतात. ऑफिसातले चौघे, महाराष्ट्र मंडळातली दोन जोडपी, शेजारची एखादी कॉलेजात खेळलेली अमेरिकन मैत्रीण, असा संघ जमतो. उत्साह भरपूर असतो. पहिल्या दोन-तीन सामन्यांत मात्र वादावादी, दंड आणि कुणाचा तरी मुरगळलेला घोटा यांनी विरस होतो.

यातलं जवळजवळ सगळं टाळता येतं. मिश्र लीगचे नियम मुख्यतः दोन गोष्टींसाठी केलेले असतात. सोमवारी सकाळी प्रत्येकाला धडधाकट कामावर जाता यावं, आणि मैदानात उतरलेल्या प्रत्येकाच्या पायाला बॉल लागावा. हे लक्षात ठेवून वाचलं की विचित्र वाटणारं कलमही पटू लागतं.

एकच नियमपुस्तक वाचणं

इथे दोन नियमपुस्तकं एकाच वेळी लागू असतात. पहिलं आयएफएबीचं, म्हणजे इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्डाचं. 1886 साली स्थापन झालेली ही संस्था फुटबॉलचे, म्हणजे सॉकरचे, 17 नियम ठरवते आणि जवळपास दर वर्षी त्यांत फेरफार करते. दुसरं लीगचं स्वतःचं, बहुधा चार-सहा पानांचं. दोघांत फरक असेल तिथे लीगचं चालतं. हौशी खेळासाठी मैदान लहान करणं, वेळ कमी करणं, बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेणं या सवलती आयएफएबीनेच दिलेल्या आहेत.

लीगच्या पुस्तकात निदान एवढं तरी शोधा: मैदानात किती जण आणि त्यांत बायका किती, गोलकीपर त्या आकड्यात धरतात का, बदली केव्हा करता येते, स्लाइड टॅकल (घसरत जाऊन बॉल काढून घेणं) चालतो का, संघ उशिरा आला तर किती मिनिटं थांबतात, आणि सामना सोडून दिला तर दंड किती. बदलीच्या नियमावर विशेष लक्ष द्या. बऱ्याच लीगमध्ये बदल्या अमर्याद असतात, पण वाटेल तेव्हा करता येत नाहीत. आपला थ्रो-इन, गोल किक, गोल झाल्यावर, मध्यंतर, अशा ठरावीक वेळीच आणि रेफरीला सांगून. कप्तानाने ही पानं छापून किटबॅगेत ठेवावीत. भांडण सुरू झाल्यावर फोनवर पीडीएफ उघडत बसण्यापेक्षा ते बरं.

बायकांचा आकडा काठावर ठेवणं

सगळ्यात जास्त संघ इथेच अडकतात. अकरा जणांच्या लीगमध्ये सर्वसाधारणपणे तीन किंवा चार, सात जणांच्या लीगमध्ये दोन किंवा तीन बायका मैदानात असाव्याच लागतात. एखादी आली नाही तर तिच्या जागी पुरुष घालता येत नाही, जागा रिकामी ठेवून खेळावं लागतं. चार हव्यात आणि तिघीच आल्या, तर बाकावर पाच पुरुष बसलेले असले तरी संघ दहाचाच. एकूण खेळाडू सातच्या खाली गेले तर अकरा जणांचा सामना सुरूच होत नाही, हा आयएफएबीचा तिसरा नियम. सात जणांच्या लीगमध्ये हा आकडा लीग ठरवते.

तरीही नोंदणी करताना कप्तान नेमक्या चारच बायका घेतो. मग एकीला ताप, दुसरीच्या मुलाची स्पर्धा लांबच्या गावी, आणि शनिवारी सकाळी सात वाजता व्हॉट्सॲपवर 'कुणाची बहीण आहे का मोकळी' अशी शोधाशोध. चार लागत असतील तर सात जणींची नावं नोंदवा. मराठी संघांसाठी आणखी एक गोष्ट: शरद ऋतूतला हंगाम साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर असतो, आणि गणपती, नवरात्र, दिवाळी त्याच्याच आसपास येतात. मंडळाचे कार्यक्रम तिथीऐवजी शनिवार-रविवारी होतात, म्हणजे नेमके सामन्याच्या दिवशी. निम्मा संघ एका मंडळाचा असेल तर तारखा आधीच पाहून, वेळापत्रक लागण्यापूर्वी लीगला कळवा. पुष्कळ लीग हंगामाआधी अशा विनंत्या घेतात. वेळापत्रक लागल्यावर सहसा ऐकत नाहीत.

सातजणी नोंदवण्याचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चार लागतात आणि चौघीच आल्या, तर त्यांना बदली मिळत नाही. जुलैच्या उन्हात पुरुष आलटून पालटून पाणी पिऊन येतात आणि त्या चौघी सामना संपेपर्यंत धावत राहतात. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांचा वेग कमी झाला की कप्तान ओरडतो. हे बरोबर नाही. आणि लीगचा आकडा किमान असतो, कमाल नव्हे. काही लीग पुरुषांच्या आकड्यावर मर्यादा घालतात, बायकांच्या आकड्यावर घालत नाहीत. पाच-सहा जणी उतरवायला कुणाची हरकत नसते.

बायकांना कडेला उभं करून विसरणं

आकडा भरला म्हणजे नियम पाळला, असं समजणारे संघ हरतातही लवकर. दोघींना विंगवर उभं करायचं आणि पास मात्र आपसांत खेळायचे, हे प्रतिस्पर्ध्याच्या पाच मिनिटांत ध्यानात येतं. मग तो त्या दोघींना मोकळं सोडून बाकीच्यांवर गर्दी करतो.

अमेरिकेत हा हिशेब आणखीच चुकतो. शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या 1972 च्या टायटल नाइन कायद्यानंतर शाळा-कॉलेजांत मुलींच्या खेळांना पाठबळ मिळालं आणि सॉकर हा मुलींचा मोठा खेळ झाला. या देशाच्या महिला संघाने 1991, 1999, 2015 आणि 2019 असे चार विश्वचषक जिंकले आहेत. तुमच्या संघातली चाळिशीची ॲन कदाचित पाचव्या वर्षापासून खेळत असेल, आणि तुम्ही कॉलेजच्या दुसऱ्या वर्षानंतर बॉलला पाय लावलेला नसेल. म्हणून पहिल्या सरावात प्रत्येकीला विचारा, 'तू कुठे खेळतेस?' मधली फळी सांभाळणारी असेल तर तिला मधेच ठेवा.

जी आयुष्यात पहिल्यांदाच खेळतेय तिलाही बॉल द्या. आपल्याकडे अनेक मुलींना शाळेत मैदानावर कुणी बोलावलंच नाही. पस्तिशीत बूट घालून उतरायला धैर्य लागतं. तिला पहिले काही पास जवळून, जमिनीलगत, पायात द्या. लांब उंच बॉल टाकून 'अगं घे ना' म्हणू नका.

काही लीगमध्ये बाईने केलेला गोल दोन धरतात, किंवा गोलाआधी एका बाईचा स्पर्श सक्तीचा असतो. हेतू चांगला आहे, पण मला हे नियम आवडत नाहीत. दोन गोलांच्या लोभाने सगळ्या जणींना पुढे ढकलतात, आणि बचाव किंवा गोलकीपिंग आवडणारीला तिची जागा मिळत नाही. किमान आकड्याचा नियम जास्त निरोगी आहे. तुमच्या लीगमध्ये हे असलेच तर गुण कसे मोजतात ते रेफरीला नाणेफेकीच्या वेळीच विचारून घ्या.

कोण कुठल्या गटात नोंदलं आहे हा लीग आणि त्या खेळाडूमधला प्रश्न आहे. अनेक लीग खेळाडूने स्वतः सांगितलेली नोंद मानतात. समोरच्या संघातल्या कुणाच्या दिसण्यावरून मैदानात शंका काढू नका.

घसरून टॅकल करणं आणि अंगावर जाणं

जागतिक नियमांत स्लाइड टॅकल हा गुन्हा नाही. बॉल मिळवताना निष्काळजीपणा किंवा धोका झाला तरच फाउल. बहुतेक हौशी मिश्र लीगमध्ये मात्र तो सरसकट बंद असतो. बॉल अचूक लागला, समोरच्याला स्पर्शही झाला नाही, तरी शिटी वाजते. 'रेफ, आय गॉट द बॉल!' असं कितीही सांगितलं तरी उपयोग नसतो, कारण तिथे बॉल लागला की नाही हा प्रश्नच नाही. घसरलात, फाउल. माणूस जवळ असेल तर बहुधा पिवळं कार्डही.

सवय मोडायची तर सरावातच मोडावी लागते. घसरणारा खेळाडू बहुधा एक पाऊल उशिरा निघालेला असतो. म्हणून बचाव करताना हातभर अंतर राखून उभं राहा, वजन पुढच्या पायावर टाकू नका, समोरच्याला कडेच्या रेषेकडे ढकलत न्या आणि त्याचा स्पर्श लांब गेला की मगच पाय घाला. पाय जमिनीवर राहिले की सावरता येतं. गोलकीपरला स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकटीत, बॉलवर झेप घ्यायला बहुधा परवानगी असते, पण पाय पुढे करून नाही.

खांद्याला खांदा लावणं नियमात बसतं. तरीही नव्वद किलोचा गडी पन्नास किलोच्या मुलीला खांद्याने बाजूला सारतो तेव्हा रेफरी त्याला निष्काळजीपणा म्हणू शकतो. त्याचा अर्थ तिला वाट सोडून द्यायची असा नाही. तसं केलेलं तिलाही आवडत नाही. तिच्याशी खेळा, चांगला बचाव करा, फक्त अंगाचा भार वापरू नका. जवळून पूर्ण ताकदीने फटका मारण्याचंही तसंच. फ्री किकच्या भिंतीत उभं राहताना हात अंगाला घट्ट धरून छाती झाकलेली चालते का, हे लीगच्या पुस्तकात पाहा. काही ठिकाणी ते लिहूनच ठेवलेलं असतं.

दागिन्यांवर टेप लावून येणं

आयएफएबीचा चौथा नियम स्पष्ट आहे. सर्व दागिने काढायचे, टेपने झाकलेले चालत नाहीत. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं, चमकी, कडं, लग्नाची अंगठी, सगळं त्यात येतं. रबरी आणि चामडी पट्ट्याही त्यात येतात, त्यामुळे मनगटावरचा काळा दोरा किंवा ऑगस्टमधली राखीही रेफरी काढायला लावू शकतो. रेफरी आपल्या श्रद्धेचा अपमान करत नाही. अंगठीत बोट अडकलं किंवा साखळी ओढली गेली तर काय होतं हे त्याला माहीत असतं. ज्यांना मंगळसूत्र घराबाहेर काढायचं नसेल त्यांनी ते घरीच देवापाशी ठेवून यावं. मैदानावर, गाडीच्या डॅशबोर्डवर ते ठेवू नये. चमकी नवीन टोचलेली असेल आणि निघत नसेल तर जखम भरेपर्यंत सामने टाळा. आजाराची माहिती लिहिलेलं कडं असेल तर खेळण्याआधी रेफरीला दाखवा.

शिनगार्ड, म्हणजे नडगीवरच्या पट्ट्या, सक्तीचे आहेत आणि ते मोज्यांच्या आत हवेत. ते विसरून आलेला खेळाडू बाकावरच बसतो. गाडीत एक जोड जास्तीची ठेवा. कृत्रिम हिरवळीवर धातूचे स्टड बहुतेक ठिकाणी बंद असतात.

वीस वर्षांपूर्वीच्या आठवणीवर वाद घालणं

शाळेत शिकलेले काही नियम आता बदलले आहेत. 2016 पासून किक-ऑफ मागेही मारता येते, पुढेच मारायची अट नाही. 2019 पासून गोल किक पेनल्टी क्षेत्राबाहेर जायची गरज नाही, मारली आणि हलली की बॉल खेळात. समोरच्यांनी तोवर क्षेत्राबाहेर थांबायचं. हॅन्डबॉल ठरवताना हात काखेच्या खालच्या टोकापासून धरतात, खांदा त्यात येत नाही. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला बॉल गोलकीपरला हातात घेता येत नाही, हे 1992 पासून आहे, तरी दर हंगामात कुणी ना कुणी फसतं. सहकाऱ्याच्या थ्रो-इनलाही हेच लागू. डोक्याने किंवा छातीने दिलेला चालतो.

ऑफसाइडवर सर्वाधिक आरडाओरड होते. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवर ऑफसाइड नसतो, स्वतःच्या अर्ध्या भागात नसतो, आणि समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत असाल तर नसतो. निर्णय बॉल मारला त्या क्षणाचा असतो, मिळाला त्या क्षणाचा नव्हे. हौशी सामन्यात अनेकदा एकटाच रेफरी असतो, लाइन्समन नसतात. पळत पळत त्याला सगळं दिसणार नाही. हात वर करून थांबू नका, शिटीपर्यंत खेळत राहा.

दुसऱ्याच्या नावावर खेळवणं

पुण्याहून मावसभाऊ आलाय, उत्तम खेळतो, अमितच्या ओळखपत्रावर खेळवू या. हे अजिबात करू नका. सापडलं तर सामना गमावता, कप्तानावर बंदी येते. त्याहून मोठी गोष्ट विम्याची आहे. यूएस ॲडल्ट सॉकर या संघटनेशी जोडलेल्या लीगमध्ये नोंदणीबरोबर विम्याचं संरक्षण मिळतं, ते नोंदणी केलेल्यालाच. पाहुण्या मावसभावाचा गुडघा गेला तर अमेरिकन हॉस्पिटलचं बिल कोण भरणार? पाहुण्या खेळाडूची सोय लीगमध्ये आहे का ते विचारा आणि त्याची रीतसर नोंद करा.

ऐन वेळी अडलात तर

दोन्ही संघांच्या जर्सीचा रंग सारखा निघाला तर कुणी बदलायचं हे पुस्तकात असतं. प्रत्येकाने एक गडद आणि एक पांढरा टी-शर्ट आणला की प्रश्नच मिटतो.

रेफरी आलाच नाही, तर लगेच लीगच्या प्रतिनिधीला फोन करा. दोन्ही कप्तानांनी ठरवून खेळलेला सामना गुणतक्त्यात धरतात का हे त्याच्याकडून लेखी घ्या, मेसेज पुरे. निर्णय चुकला असं वाटलं तर मैदानात फक्त कप्तानाने, शांतपणे बोलावं. तक्रार करायची तर लीगच्या मुदतीत करा. ती नियम चुकीचा लावल्याबद्दल चालते. 'फाउल होता की नव्हता' यावर चालत नाही.

डोक्याला मार लागला आणि खेळाडू गोंधळलेला, चक्कर आलेला किंवा मळमळत असेल, तर तो त्या दिवशी पुन्हा मैदानात येत नाही. तो कितीही 'मी ठीक आहे' म्हणाला तरी. त्याला गाडी चालवू देऊ नका, डॉक्टरकडे न्या.

मेघगर्जना ऐकू आली की सामना थांबवायचा, वीज दिसायची वाट पाहायची नाही. झाडाखाली किंवा लोखंडी बाकांवर थांबू नका. पक्क्या इमारतीत नाहीतर बंद गाडीत बसा. शेवटच्या गडगडाटापासून 30 मिनिटं मोजा. मधे पुन्हा गडगडलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.