झ्विफ्टच्या ग्रुप राइडमध्ये मागे पडू नये म्हणून
झ्विफ्ट म्हणजे घरात ट्रेनरवर सायकल चालवत ऑनलाइन इतरांबरोबर राइड करायचं ॲप. तिथे ग्रुप राइडला गेलो आणि सुरुवातीलाच ड्रॉप झालो, म्हणजे ग्रुपच्या मागे पडलो, ही रड बऱ्याच जणांची असते. आधी राइडच्या डिस्क्रिप्शनमध्ये पेस बघा, २ वॅट/किलो लिहिलंय म्हणजे ७० किलोच्या माणसाला सतत १४० वॅट, झेपत असेल तरच जा, नाहीतर सरळ 'कीप एव्हरीवन टुगेदर'वाली राइड शोधा, त्यात जोर कमीजास्त लागला तरी सगळे एकत्रच राहतात, फक्त पेडल मारणं थांबवायचं नाही. बाकीच्या राइड्सना थोडं आधीच पेनमध्ये (सुरुवातीला जमायच्या जागेत) जाऊन पाय फिरवत बसा, काउंटडाऊन संपला की लोक पिसाळल्यासारखे सुटतात आणि ड्राफ्ट (पुढच्यांच्या आडोशाने जोर कमी लागतो तो फायदा) एकदा गेला की एकट्याने गाठणं महाकठीण. पिवळा बीकन (रायडरवर दिसणारी दिव्यासारखी खूण) म्हणजे लीडर, त्याच्या पुढे पळणाऱ्यांच्या नादी लागू नका (लीडरने मेसेजमध्ये कितीही बोंबललं तरी ते ऐकत नाहीत). मागे पडलातच तर लाल बीकनवाला स्वीप (मागे राहिलेल्यांना ग्रुपपर्यंत आणणारा) शोधा, असला तर.